दूधसागरचा पूल दाखवायचा असेल, तर माणसं पुलावर नेऊ नका: ट्रेक संयोजकांना खुलं पत्र

पावसाळी सहली आणि ट्रेक काढणाऱ्या सर्व संयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

मृगाचा पाऊस सुरू झाला की पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून गोव्यातल्या दूधसागर धबधब्याच्या सहलींच्या जाहिराती फिरू लागतात. मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो: कॅसलरॉक किंवा कुळे स्टेशनला उतरायचं, रुळांवरून चालत जायचं, बोगदे पार करायचे, आणि धबधब्यासमोरच्या जुन्या दगडी रेल्वे पुलावर ग्रुप फोटो. २०२३च्या जुलैत दक्षिण पश्चिम रेल्वेने जाहीर विनंती केली की दूधसागर पाहायचा तर गाडीत बसून पाहा, रुळांवर उतरू नका. रुळांवर सापडलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, त्याचा व्हिडिओ तेव्हा सगळीकडे फिरला. लोक हसले. जाहिरातीतल्या ओळी मात्र अजून तशाच येतात.

रेल्वेमार्ग, दगडी बांधकाम आणि घाट यांच्याशी कामानिमित्त संबंध असलेल्या आम्ही काही जणांनी हे पत्र लिहिलं आहे. सहली बंद करा असं आमचं म्हणणं नाही. तुम्ही पैसे घेऊन जो पूल दाखवता, तो तुमच्या माणसांना दिसतच नाही, एवढीच मुख्य तक्रार आहे. पुलावर उभ्या माणसाला खडी दिसते, रुळांखालचे आडवे स्लीपर दिसतात, कठडा दिसतो आणि पुढच्याची पाठपिशवी दिसते. कमानी पायाखाली राहतात.

आधी या मार्गाबद्दल थोडं, कारण गाडीत किंवा जीपमध्ये तुम्हालाच ते सांगायचं असतं. मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यावरच्या ब्रिटिश हद्दीपर्यंतची ही लाइन लंडनमध्ये स्थापन झालेल्या वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनीने बांधली. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून हा प्रकल्प उभा राहिला आणि १८८८ साली घाटातून गाडी वर पोहोचली. पलीकडून सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन येत होती, म्हणून इकडेही मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. कॅसलरॉक हे ब्रिटिश हद्दीतलं शेवटचं स्टेशन. १९६१पर्यंत ते सरहद्दीचं स्टेशन होतं आणि तिथे जकातीची तपासणी चाले. तिथून खाली करंजोळ, दूधसागर, सोनावली आणि मग कुळे. सुमारे २६ किलोमीटरच्या या टप्प्याला ब्रागांझा घाट म्हणतात. चढ ३७ला १ आहे, म्हणजे एक किलोमीटरमागे २७ मीटर. भोर घाट आणि कसारा घाट यांचा चढही तेवढाच. १९९०च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला. एक मीटरच्या जागी १.६७६ मीटर रुंदीचे रूळ आले आणि त्याबरोबर मालगाड्यांच्या कितीतरी जड वाघिणी, म्हणजे मालडबे, आल्या. घाटातली लाइन अजून एकेरी आहे. हा एकेरीपणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पुलाकडे. कुळ्याहून जीपने गेलात की धबधब्याच्या पायथ्याच्या डोहापाशी पोहोचता. तिथून मान वर केली की पाण्याच्या मधोमध, कड्याला आडवा, कमानींचा पूल दिसतो. धबधबा सुमारे ३१० मीटर उंच आहे, त्यामुळे पूल पहिल्यांदा खेळण्यातला वाटतो. एखादी मालगाडी वरून गेली की मगच त्याचं माप डोळ्यात भरतं. एक साधी दुर्बीण बरोबर ठेवा, ८ बाय ४२ची पुरते. तीसजणांच्या गटात दोन असल्या तरी हातोहात फिरतात. आणि मग पुढच्या गोष्टी दाखवा.

पहिली गोष्ट कमानीची कड. पाचरीसारखे घडवलेले दगड एकाला एक भिडवून कमान बांधतात. दगड दाबाला भक्कम आणि ताणाला कच्चा. कमान सगळं वजन दाबात बदलून बाजूच्या खांबांकडे सरकवते, म्हणून तिला लोखंडाची गरज पडत नाही. लोकांना वाटतं, वरून गाडी गेली की कमान खचत असेल. कमानीवरचा भराव आणि खडी यांचं वजन तिला उलट घट्ट धरून ठेवतं. बांधताना मात्र ती स्वतःच्या पायावर उभी नसते. खाली लाकडी साचा लागतो, ज्याला कामावर सगळे सेंटरिंग म्हणतात. मधला शेवटचा दगड बसून चुना धरेपर्यंत साचा काढता येत नाही. बऱ्याच जुन्या पुलांत कमान जिथून सुटते तिथे खांबातून पुढे आलेले दगड दिसतात, त्यांच्यावरच तो साचा टेकवलेला असायचा. काम झाल्यावर ते दगड छाटायची तसदी कोणी घेत नसे, आणि ते बरंच झालं. पूल कसा बांधला ते आज त्यांच्यावरूनच समजतं.

दुसरी गोष्ट खांबाची जाडी. शेजारशेजारच्या दोन सारख्या कमानी खांबाला विरुद्ध दिशांनी रेटतात आणि तो रेटा एकमेकांत संपतो. म्हणून मधले खांब सडपातळ चालतात. टोकाच्या कमानीला पलीकडे रेटणारं कोणी नसतं, तिथे कडा किंवा जाड भिंत लागते. यातली मेख अशी की एक कमान गेली तर शेजारचा सडपातळ खांब एकाच बाजूचा रेटा सोसू शकत नाही आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी रांग जाऊ शकते. इंग्लंडमधल्या रिबलहेडच्या २४ कमानींच्या पुलात दर सहावा खांब मुद्दाम जाड केलेला आहे तो याचसाठी. एखादी कमान पडलीच तर पडझड तिथे थांबावी.

तिसरी गोष्ट, पुलाच्या अंगावरचं पाणी. जाणकार माणूस पूल बघायला आला की आधी हेच बघतो. कमानीच्या वर, दोन बाजूंच्या भिंतींच्या मध्ये, दगडमातीचा भराव असतो. पावसाचं पाणी खडीतून त्यात उतरतं आणि ते बाहेर जायला भिंतीत भोकं ठेवलेली असतात. भोकं मोकळी असतील तर पाऊस थांबल्यावर पुलाचा दगड लवकर सुकतो. एकाच ठिकाणी डाग कायम ओला राहिला तर आतला निचरा बुजलाय असं समजायचं. कमानीच्या पोटावर पांढरे ओघळ दिसतात, तो सांध्यांतला चुना. पाण्यात विरघळून बाहेर येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. थोडे ओघळ प्रत्येक जुन्या पुलाला असतात. ते वाढत गेले तर आतला चुना कमी होतोय. भेगांची दिशाही दाखवा. रुळाच्या दिशेने, कमानीच्या कडेला धरून जाणारी भेग बहुतेक वेळा बाजूची भिंत भरावाच्या दाबाने बाहेर सरकू लागल्याची असते. कमान आडवी कापत जाणारी भेग जास्त काळजीची, कारण ती खांब खचल्याची किंवा कमानीचा आकार बदलल्याची खूण असू शकते.

मग झाडं. पिंपळ, उंबर, वड पक्ष्यांच्या विष्ठेतून सांध्यात रुजतात. वरून छाटली की मूळ आत जाड होतं आणि दगड आणखी ढकलतं. मूळ मारल्याशिवाय उपयोग नाही. सिमेंटचं दर्जभरण, म्हणजे दगडांमधले सांधे वरून सिमेंटने भरणं, हाही असाच जुना घोळ. चुन्याच्या बांधकामावर वरून कडक सिमेंटची दर्ज मारली की आतली ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही. ती दगडाच्या तोंडातून वाट काढते आणि मऊ दगडाचे पापुद्रे सुटतात. दिसायला मात्र पूल नवा दिसतो, फोटोतही छान येतो.

दगडी पूल आतून कसा आहे यावर किती अवलंबून असतं, याचं उदाहरण आपल्याच घाटात घडलं. भोर घाट १८६३ साली सुरू झाला आणि १८६७च्या जुलैत, ऐन पावसात, तिथला दगडी कमानींचा एक मोठा पूल कोसळला. बाहेरचे दगड घडीव होते, पण आतली भरती निकृष्ट होती. तोंडाचा दगड आणि आतली भरती एकमेकांना बांधून ठेवणारे आरपार दगड पुरेसे नसले की खांब म्हणजे एक पोकळ पेटी होते, आणि पेटीत पाणी भरलं की ती फुगते. दुर्बिणीतून एखाद्या खांबाचं पोट पुढे आलेलं दिसतं का, हे बघायला सांगा. मुलं तर यात रमतात.

हे सगळं खालून दिसतं, पलीकडून दिसतं, गाडीच्या खिडकीतून थोडंफार दिसतं. पुलावरून यातलं काहीच दिसत नाही.

आता धोक्याचं. इथे तुमच्या जाहिरातीत आणि गटातल्या गप्पांत बऱ्याच चुकीच्या समजुती फिरतात, म्हणून आकडे मांडतो.

गाडीचा वारा माणसाला ओढून घेतो, म्हणून कठड्याला घट्ट धरून उभं राहायचं, असं पोरांना सांगितलं जातं. घाटात गाड्या ताशी ३० किलोमीटरच्या आसपास चालतात, त्या वेगाला ओढून नेण्याएवढा वारा नसतो. खरी अडचण जागेची आहे. ब्रॉडगेजचा डबा सव्वातीन मीटर रुंद असतो आणि रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर. म्हणजे प्रत्येक बाजूला डबा रुळाच्या बाहेर जवळजवळ पाऊण मीटर येतो. वळणावर तो आणखी थोडा बाहेर येतो, शिवाय झुलतो. रुळापासून हातभर अंतरावर उभा असलेला माणूस प्रत्यक्षात डब्याच्या वाटेत उभा असतो. पाठीवर ४० लिटरची सॅक असेल तर तो आणखी एक फूट जाड झालेला असतो, आणि गाडी आली की घाबरून वळतो तेव्हा सॅक गाडीकडे जाते. पुलावर बाजूला व्हायला ठरावीक ठिकाणी छोटे कट्टे असतात, बोगद्यात भिंतीत कोनाडे असतात. ते ट्रॅकवर काम करणाऱ्या दोनतीन माणसांसाठी केलेले आहेत. चाळीसजणांचा गट त्यात मावत नाही.

दुसरी समजूत, गाडी ऐकू येतेच. चढणाऱ्या गाडीची इंजिनं पूर्ण ताकदीने ओढत असतात, ती खरंच लांबून ऐकू येतात. उतरणारी गाडी ओढत नाही, ती ब्रेकवर येते. धबधब्याच्या गर्जनेत, घोड्याच्या नालासारख्या दरीत, तिचा आवाज कुठून येतोय तेही समजत नाही. त्यात घाटातल्या मालगाड्यांना मागेही इंजिनं लावलेली असतात, त्यांना बँकर म्हणतात. आवाज मागून आला म्हणून गाडी गेली असं धरणारा माणूस मोठी चूक करतो.

तिसरी समजूत, आली तर पळू. बोगदा ३०० मीटर लांब आहे असं धरा. ताशी ३०च्या वेगाची गाडी सेकंदाला आठ मीटरहून थोडं जास्त अंतर कापते, तिला तो बोगदा पार करायला ३६ सेकंद लागतात. खडीवरून ओल्या बुटांनी चालणारा माणूस सेकंदाला एक मीटर गेला तरी खूप, त्याला पाच मिनिटं लागतात. आणि स्लीपरवरून पळता येत नाही. त्यांच्यातलं अंतर साधारण ६० सेंटिमीटर असतं, मोठ्या माणसाचं पाऊल ७० ते ७५चं. तिसऱ्याचौथ्या पावलाला पाय खडीत जातोच. घोटा मुरगळण्याचे प्रकार रुळांवर इतके का होतात याचं कारण हे आहे, बुटांचा ब्रँड नाही.

ड्रायव्हर ब्रेक मारेल हे तर सोडूनच द्या. भरलेली एक वाघीण ८० टनांहून जड असते आणि अशा पन्नासएक वाघिणी ३७ला १च्या उतारावर असतात. तिथे ब्रेक हे गाडी सावकाश उतरवण्यासाठी सतत वापरात असतात. समोर माणूस दिसला म्हणून गाडी जागेवर उभी करणं त्यांच्याकडून होत नाही.

भोर आणि कसारा घाटात विजेच्या तारांचाही विचार करावा लागतो. तारेत २५,००० व्होल्ट असतात, स्पर्श व्हायचीही गरज नाही. तारेच्या दोन मीटरच्या आत काहीही नेऊ नये, फार जवळ गेलं तर ठिणगी ओलांडून येऊ शकते. सेल्फी स्टिक, ओली छत्री, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड खांद्यावर उभा धरून रुळाजवळून चालणं, हे सगळं त्यात आलं. रेल्वेमार्ग कुठलाही असो, वरच्या तारेत वीज आहे असंच धरून वागायचं.

“पण गाडी तिथे थांबते,” असं उत्तर हमखास येतं. थांबते, पण प्रवाशांसाठी नाही. उतारावर गाडीचे ब्रेक नीट आहेत हे तपासायला तांत्रिक थांबे असतात. एकेरी लाइनवर समोरून येणारी गाडी आधी जाऊ द्यावी लागते. ताबा सुटलेल्या गाडीला मुख्य मार्गावरून काढून चढावर नेऊन अडवणारे कॅच सायडिंग घाटमार्गांवर असतात, त्यांच्या आधीही गाडी उभी केली जाते. हे थांबे दोन मिनिटांचे असतील किंवा वीस. ज्या बाजूला फलाट नाही त्या बाजूला, खडीच्या उतारावर, दीड मीटर खाली उडी मारून तुमचे लोक उतरतात. गाडी सुटली की त्यातले निम्मे पुन्हा चढायला धावतात.

आणि साखळी ओढणं. विनाकारण साखळी ओढणं हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४१खाली गुन्हा आहे, कैद एक वर्षापर्यंत होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा हलवणं हे कौशल्याचं काम आहे. ओल्या रुळांवर चाकं घसरतात, वाळू टाकावी लागते, मागच्या बँकरने पुढच्या इंजिनाशी जुळवून रेटा द्यावा लागतो. लाइन एकेरी असल्यामुळे एका गाडीने खाल्लेला अर्धा तास खाली कुळ्यापर्यंत आणि वर कॅसलरॉकपर्यंत सगळ्या गाड्यांना भरावा लागतो.

“ट्रॅकमन चालतातच की,” हेही ऐकू येतं. पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त घालणारा पेट्रोलमन ठरलेल्या वेळापत्रकाने चालतो, कुठली गाडी कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं, त्याच्याजवळ लाल झेंडी, दिवा आणि गाडी थांबवण्यासाठी रुळावर ठेवायचे फटाके असतात. आणि त्याच्यामागे चाळीसजणांचा गट नसतो. कड्यावरून दरड आली, खडी वाहून गेली, तर गाडीच्या आधी ते बघणारा तोच. दरडींचा हा प्रश्न कल्पनेतला नाही. २०२१च्या जुलैत दूधसागर आणि सोनावलीच्या दरम्यान दरडीमुळे प्रवासी गाडी घसरली. २०२३च्या जुलैत कॅसलरॉक आणि करंजोळच्या दरम्यान दरड कोसळून वाहतूक बंद झाली. २०२४च्या ऑगस्टमध्ये याच भागात मालगाडीच्या वाघिणी घसरल्या. ज्या महिन्यांत तुम्ही माणसं नेता, तेच महिने.

कोणाला काही झालं तर पुलापर्यंत रस्ता नाही. जखमीला हलवायचं तर रेल्वेनेच, तेही लाइन मोकळी मिळाली तर. मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी मिळत नाही. रेल्वेचा १३९ हा क्रमांक सगळ्यांना सांगून ठेवा, पण तो लागेल अशा जागी असाल तरच त्याचा उपयोग.

मग पूल बघायचा कसा?

जीपचा मार्ग सगळ्यात सरळ आहे. कुळे स्टेशनजवळून परवानाधारक जीप सुटतात आणि भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून जातात. वाटेत ओढे ओलांडावे लागतात, शेवटचा टप्पा मोठमोठ्या दगडांतून पायी आहे. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो, साधारण ऑक्टोबरात सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. सुरू होण्याची तारीख पाण्यावर आणि वन खात्यावर अवलंबून असते, म्हणून आगाऊ पैसे घेण्याआधी विचारून घ्या. गाडीमागे सातजण धरून हिशोब करा. शनिवार-रविवार टाळलात तर उत्तम, नाहीतर सकाळी काउंटर उघडायच्या आधी रांगेत असा. डोहात लाइफ जॅकेट घालावं लागतं, त्यावर वाद घालू नका. माकडं पिशवीतला खाऊ हातातून घेतात, त्यामुळे खाणं जीपमध्येच संपवलेलं बरं. सँडल नकोत, मागे पट्टा असलेले आणि तळ न घसरणारे बूट हवेत.

कधी जावं यावर आमचं मत सगळ्यांना पटणार नाही. पाणी बघायचं असेल तर ऑक्टोबर. पूल बघायचा असेल तर डिसेंबर-जानेवारी. पाणी उतरलेलं असतं, तुषारांचा पडदा नसतो, कमानींच्या कडा स्वच्छ दिसतात आणि ओले डाग व सुकलेला दगड यांतला फरक समजतो. सह्याद्रीचा हा कडा पश्चिमेकडे उतरतो, त्यामुळे सकाळी सावलीत असतो आणि दुपारनंतर उजळतो. कॅमेऱ्यावाल्यांनी दुपारची जीप घ्यावी. पुलावरची गाडी टिपायला १/२५० सेकंद पुरतो, तिचा वेग फार नसतो. वरून मालगाडी गेली की पोरांना इंजिनं मोजायला सांगा, पुढे किती आणि मागे किती. मागे इंजिनं का लावतात हे विचारल्याशिवाय एकही मूल राहत नाही, आणि उत्तर सोपं आहे. सगळी ताकद पुढून लावली तर वाघिणींमधल्या कपलिंगवर फार ताण येतो. मागून रेटा दिला की तो वाटला जातो.

पावसाळ्यातच जायचं असेल तर गाडीतून. गोवा एक्सप्रेस पुणे, सातारा, मिरज, बेळगावमार्गे याच घाटातून वास्कोला जाते. पूर्णा एक्सप्रेस आणि हुबळीकडून येणारी अमरावती एक्सप्रेसही याच घाटातून जातात. गाडी घाटात उजेडात असेल अशीच निवडा, वेळापत्रक बदलत असतं, त्यामुळे आरक्षणाआधी कॅसलरॉक आणि कुळे या दोन स्टेशनांच्या वेळा बघा. डावीकडे बसू की उजवीकडे, यावर दरवेळी भांडण होतं. सोपा नियम असा: डोंगराच्या बाजूला बसलात तर पुलावर असताना पाणी अंगावर येईल इतकं जवळ दिसतं. दरीच्या बाजूला बसलात तर गाडी वळण घेते तेव्हा दरीपलीकडून धबधबा आणि कमानी एकत्र दिसतात. पूल बघणाऱ्याने दरीची बाजू घ्यावी. खिडकी उघडता येणारा स्लीपर क्लासचा डबा फोटोला एसीपेक्षा बरा, पण लेन्स पुसायला सुती फडकं खिशात हवं. जवळच्या कठड्याचा फोटो चालत्या गाडीतून १/५००पेक्षा हळू शटरला हललेलाच येतो. दारात एकावर एक उभं राहू नका. बोगद्याची भिंत डब्याच्या फार जवळून जाते.

मुंबई-पुण्याच्या गटांना इतकं लांब जायचंही कारण नाही. डेक्कन क्वीन आणि डेक्कन एक्सप्रेसला मोठ्या काचांचा विस्टाडोम डबा आहे, भोर घाटातले बोगदे आणि पूल त्यातून आरामात दिसतात. कसारा घाटात जानेवारी १८६५मध्ये गाडी सुरू झाली. तिथल्या एहेगावच्या पुलाची मूळ रचना दूधसागरपेक्षा वेगळी होती. मधल्या दरीवर प्रत्येकी १५० फुटांचे तीन लोखंडी गर्डर आणि दोन्ही टोकांना दगडी कमानी. इतक्या खोल दरीत दगडी खांब जवळजवळ उभे करत बसण्यापेक्षा लोखंडाची मोठी उडी स्वस्त पडते, हा हिशोब तेव्हाही होता. एकाच दिवसात इगतपुरीपर्यंत जाऊन येता येतं, आणि दोन घाटांतली दोन पद्धतींची बांधणी समोरासमोर ठेवून समजावता येते.

एक शेवटचा मुद्दा, कचऱ्याचा, पण नेहमीच्या उपदेशासारखा नाही. रुळांच्या बाजूला पाणी वाहून नेणारी उघडी गटारं असतात, कड्याच्या वरच्या अंगाला पाणी अडवून बाजूला नेणारे चर असतात, आणि पुलाच्या भिंतीत ती निचऱ्याची भोकं असतात. वेफरची पिशवी किंवा पाण्याची बाटली यांत अडकली की मागे पाला साचतो, मग माती. गटार तुंबलं की पाणी रुळांखालच्या मातीत मुरतं, ती माती मऊ होते आणि खडी तिच्यात रुतते. रूळ एका बाजूला बसतो. जंगलातून रोज माणसं पाठवून ही गटारं साफ करावी लागतात, ती तुमच्या माणसांच्या बिस्किटांच्या कागदांसाठी.

कायद्याचं वाक्य तुमच्या जाहिरातीत घालावं अशी आमची मागणी आहे. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरलात तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ही लागतो. “पूर्वी सगळे जायचे” हे खरं आहे. पण तेव्हा वर्षाला मोजके गिर्यारोहक जायचे आणि आता दर शनिवारी बसगाड्या उतरतात.

तर जाहिरातीतून तीन गोष्टी काढून टाका: “रुळांवरून १४ किलोमीटर ट्रेक”, “बोगद्यातून चालण्याचा थरार” आणि पुलावरचा जुना ग्रुप फोटो. त्यांच्या जागी हा मजकूर बिनधास्त उचला, आमची परवानगी आहे:

“दूधसागर, पायथ्यापासून. कुळ्याहून परवानाधारक जीप, वन खात्याचं शुल्क समाविष्ट. दहाजणांमागे एक लीडर. दुर्बीण आम्ही देऊ. पुलाच्या कमानी, खांब आणि निचरा कसा पाहायचा याची अर्ध्या तासाची माहिती जागेवर. रुळांवर उतरणाऱ्याचे पैसे परत मिळणार नाहीत.”

आपले,
रेल्वेमार्ग, दगडी बांधकाम आणि घाटांशी संबंधित काही जण